हरलेल्याची पाळी

येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दिवशी गुरुपादप्पा सहसा कुणावर चिडत नसत. वर्षातून एकदा सगळं घर शेतात येतं, कडब्याच्या कोपीत चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांच्या पांडवांची पूजा होते, येईल त्याला भज्जी आणि आंबील वाढायची असते, त्या दिवशी माणसानं चिडायचं कशाला. पण त्या वर्षी ते सकाळपासून बैलावर चिडले, कडब्यावर चिडले आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या सदऱ्याच्या खिशावर चिडले. खिशात एक कागद होता. सिद्धलिंगनं लातूरहून पाठवलेला, चार जागी पेन्सिलीनं फुल्या मारलेला. फुली दिसेल तिथं सही करायची, एवढंच काम. फोनवर ते पोराला 'हाव' म्हणूनही बसले होते.

अडचण अशी, की त्याच विषयावर बायकोलाही ते 'हाव' म्हणून बसले होते.

विषय बालवाडीच्या जागेचा होता. भूकंपानंतर नवं गाव वसलं, तेव्हा गुरुपादप्पांना निलंग्याच्या रस्त्याला लागून प्लॉट मिळाला. त्यातल्या अर्ध्या जागेत बायकोनं, गौरम्मांनी, पत्र्याच्या शेडमध्ये बालवाडी सुरू केली. पुढं गावानं हातभार लावला, पत्र्याच्या जागी भिंती आल्या, फरशी बसली. बारा वर्षं झाली, गावातलं तीन ते सहा वर्षांचं प्रत्येक पोर त्या फरशीवर बसून गेलं होतं. आता ती जागा सिद्धलिंगला नव्या निवासी शाळेसाठी हवी होती. लातूरात त्याचे अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास जोरात चालत होते, औसा रोडवर त्याच्या फोटोची भली मोठी पाटी होती. गुरुपादप्पा लातूरला गेले की दवाखान्याचं निमित्त काढून त्या पाटीखालून दोनदा जात, आणि दुसऱ्यांदा जाताना जरा हळू जात. अशा मुलाला नाही कसं म्हणायचं?

आणि ज्या बाईला जिल्ह्यातून लोक बघायला येतात, तिला तरी नाही कसं म्हणायचं?

"अप्पा, आणलाय न्हवं कागद?" गाडीतून उतरल्या उतरल्या सिद्धलिंगनं विचारलं. पायाशी वाकला तोही विचारता विचारताच.

"आदी पांडव पूज," गुरुपादप्पा म्हणाले. "कागद कुटं पळून चाल्लाय."

पूजा झाली. बापलेक आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, घेऊन 'वलगे वलगे' म्हणत कोपीभोवती आणि पिकातून फिरले. ज्वारी कमरेच्या वर आली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. फिरताना दोघंही कागदाबद्दल बोलले नाहीत, आणि दोघांच्याही डोक्यात दुसरं काही नव्हतं.

*

सिद्धलिंगची बायको वर्षाराणी कोपीच्या सावलीत बसून बाजरीचे वाफवलेले उंडे मोडत होती आणि सासूकडं चोरून बघत होती. लग्न होऊन आठ वर्षं झाली, पण या बाईशी भांडायचं कसं ते तिला अजून जमलेलं नव्हतं. आवाज चढवणाऱ्या सासूचं ठीक असतं, आपणही चढवावा. गौरम्मा प्रश्न विचारत, आणि उत्तर येईपर्यंत थांबत. तेच अवघड.

"त्या शाळंत पोरं राहणार म्हंतीस," गौरम्मांनी विचारलं. "पाच वर्षांची?"

"हो अव्वा. होस्टेल मीच बघणार. सरांनी सगळा विचार केलाय." नवऱ्याला ती सर म्हणे. आधी क्लासमधल्या पोरांसमोर म्हणत होती, मग घरातही तेच तोंडात बसलं. "लातूरात आता पालक आठवीपासून विचारतात. अजून चार वर्षांनी पहिलीपासून विचारतील. आपण पाचव्या वर्षापासून पाया घातला, तर बारावीला पोरगं कुठच्या कुठं जाईल."

"आन् बालवाडी?"

"समाजमंदिरात भरवता येईल की."

"समाजमंदिरात कुलूप हाय. किल्ली सरपंचाकडं, सरपंच निलंग्यात." गौरम्मा एवढंच म्हणाल्या आणि खिरीखालचा जाळ मागं ओढला.

तेवढ्यात बांधावरून पोरांचा आवाज आला. बालवाडीची एकतीस पोरं दोरीला धरून येत होती. दरवर्षी येळवसेला ती गौरम्मांच्या शेतात जेवायला येत. विहिरीची जुनी दोरी, तिला हातहात अंतरावर गाठी, प्रत्येक पोराची एक गाठ. आज जो पहिल्या गाठीला तो उद्या शेवटच्या. पुढं पंचशीला होती. ती याच बालवाडीच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. आता बारावी होऊन इथंच मदतनीस म्हणून लागली होती, आणि गौरम्मांपेक्षाही कडक होती.

वर्षाराणीची शिवलीला आईच्या मांडीवरून उठली आणि धावत जाऊन पहिलीच गाठ धरू लागली. ती सहा वर्षांची, लातूरात वाढलेली, सगळीकडं पहिली यायची सवय.

"शेवटी ये," पहिल्या गाठीवरची मुलगी म्हणाली. ती सलीम टेलरची अलीझा होती. "आज आलीस न्हवं? नवा माणूस शेवटी धरतो. उद्या तू एक गाठ म्होरं."

वर्षाराणीला वाटलं आता रडारड होणार. पण शिवलीला त्या मुलीच्या तोंडाकडं बघत राहिली, मग गुपचूप मागं गेली आणि शेवटची गाठ धरून उभी राहिली. घरी एक मार्क गेला तर दोन दिवस न बोलणारी ही पोर तिथं उभी राहून हसत होती. वर्षाराणीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून थोडं अपराधीही वाटलं.

*

भांडण सुरू झालं ते जेवणाआधीच. सिद्धलिंगला चारच्या बॅचला लातूरात पोचायचं होतं.

"अप्पा, तुम्ही फोनवर हो म्हणालात."

"म्हणलो की."

"मला बी हो म्हणलात," गौरम्मा म्हणाल्या.

"तुला बी म्हणलो," गुरुपादप्पांनी कबूल केलं आणि पटका काढून परत डोक्याला गुंडाळला. "दोगं बी माझ्यापेक्षा शिकलेले. मी कुनाला न्हाई म्हणू?"

सिद्धलिंग आईकडं वळला. "अव्वा, तू पोरांना रांगेत उभं राहायला शिकवतीस, चांगलंच हाय. पण रांगेत उभं राहून कुनी डॉक्टर होत न्हाई. मी रोज बघून राहिलो. एका सीटमागं शंभर पोरं असतात. तुझी पोरं तिथं गेल्यावर म्हणणार, आधी तुम्ही जा."

पोरं ज्वारीच्या कडेला बसली होती, त्यातली दोनचार हसली. गौरम्मांनाही हसू आलं असतं, पण त्यांनी आवरलं.

"जागा पोरांची हाय," त्या म्हणाल्या. "जे सगळ्यांचं, ते सगळ्यांना इचारायचं. बालवाडीत असंच चालतं."

"मग इचार की," सिद्धलिंग म्हणाला. "आत्ता इचार. तुझ्याच पोरांना, तुझ्याच पद्धतीनं. पोरं जे म्हणतील ते मला मान्य. तुला?"

गौरम्मांनी पदर खोचला. मुलगा इतक्या सहज का म्हणतोय, ते त्यांच्या लक्षात आलं होतं. दिवाळीत तो गावात आला तेव्हा बालवाडीत एक रंगीत कागद दाखवून गेला होता. त्यावर नव्या शाळेचं चित्र होतं, आणि चित्रात लाल रंगाची उंच घसरगुंडी. तेव्हापासून पोरं मातीत काडीनं घसरगुंडीच काढत होती.

"मान्य," त्या म्हणाल्या.

मतदान बालवाडीला नवं नव्हतं. सहलीला कुठं जायचं, नव्या शेळीचं नाव काय ठेवायचं, सगळं मतावर ठरे. पहिल्या वर्षी शेंगदाणा म्हणजे हो आणि फुटाणा म्हणजे नाही असं ठरलं होतं, तर डब्यात नुसते फुटाणे निघाले, कारण शेंगदाणे सगळ्यांनी खाल्ले होते. तेव्हापासून वाळलेली तूर आणि वाळलेला हरभरा. तूर म्हणजे हो. दोन्ही दाणे हातात घ्यायचे, मूठ झाकून मताचा एक या बिंदग्यात टाकायचा, उरलेला त्या बिंदग्यात. मत पडेपर्यंत बाईंनी एक शब्द बोलायचा नाही, हाही नियमच होता, आणि तो गौरम्मांनी स्वतःच घातला होता.

पंचशीलानं प्रश्न सांगितला. "आपली खोली सिद्धलिंग काकाच्या नव्या शाळेला द्यायची का? समजलं? दोरीला धरून आला तो आजचा, म्हून शिवलीला बी टाकणार."

बत्तीस पोरं एकेक करून कोपीत गेली आणि आली. पंचशीलानं अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावर मताचे दाणे ओतले. एकतीस तुरी होत्या. हरभरा एक.

सिद्धलिंगनं खिशातून पेन काढलं आणि बापापुढं धरलं.

गौरम्मा धोतरावरच्या दाण्यांकडं बघत होत्या. बारा वर्षं आपण जे शिकवलं त्याची किंमत एक लाल घसरगुंडी, असं त्यांना वाटलं, आणि वाईटही वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी त्या स्वतःवरच रागावल्या. पाच वर्षांच्या पोराला घसरगुंडी नको तर काय हवी? आपल्या मनासारखं पडलं तरच मत खरं, असं म्हणणारी माणसं गावात काय कमी होती, की त्यात आपली भर घालायची?

"ठरलं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सही करा."

गुरुपादप्पांनी बायकोकडं बघितलं. एवढं साधं कुणी हरताना त्यांनी पंचायत समितीतही बघितलं नव्हतं. त्यांनी कागद मांडीवर पसरला.

"बाई," पंचशीला म्हणाली. "हरलेल्याची पाळी राहिली."

*

हा बालवाडीचा सगळ्यात जुना नियम. मत पडलं की जो हरला त्याला बोलू द्यायचं, आणि बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवून ऐकायचं. तो बोलून होईपर्यंत काहीच पक्कं नाही. त्यातून एखादा प्रश्न निघाला आणि तिघांना मत बदलायचं असलं, तर का ते सांगून परत टाकता येई.

"पाचच मिनिटं," सिद्धलिंग घड्याळ बघत म्हणाला.

पोरांचे हात मांडीवर गेले. शिवलीलानं बाजूला बघून आपलेही ठेवले. अलीझा उठली, तो एकटा हरभरा तिचा होता. तिला बोलायचं नव्हतं हे दिसतच होतं. फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळत ती सिद्धलिंगसमोर येऊन थांबली.

"काका, नव्या शाळंत आमी सगळे येणार?"

"परीक्षा असती बाळ. सोपी असती."

"सोमू येणार?"

सोमू तिच्या शेजारच्या गाठीवरचा. बोलताना अडखळे. एक शब्द बाहेर यायला कधीकधी दोरीची सगळी पोरं थांबत, आणि थांबायची त्यांना इतकी सवय होती की त्यात काही वेगळं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

सिद्धलिंगनं सोमूकडं बघितलं. मागून वर्षाराणी हळूच म्हणाली, "हो म्हणा ना सर. पोरं आहेत."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. सही व्हायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण समोर एवढी पोरं हात मांडीवर ठेवून त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि ती ऐकत होती. त्याच्या क्लासमध्ये तीनशे पोरं बसत. ती लिहून घेत. असं ऐकत कुणी नव्हतं.

"परीक्षेत तोंडी असती," तो म्हणाला. "सोमूला बहुतेक जमणार न्हाई."

"मग?"

"मग त्याला घेता येणार न्हाई."

"मग तो कुटं जाईल?"

पोरांना शिकवताना सिद्धलिंगनं एकदाही कुणाला माहीत नाही असं सांगितलं नव्हतं. "मला ठाऊक न्हाई," तो म्हणाला.

"आनखी कितीजण न्हाई येणार?"

"बारा घेणार. बाकीचे न्हाई."

अलीझानं मान हलवली आणि जाऊन बसली. तिचं संपलं होतं. तिनं वाईट मानलं नाही, भाषण केलं नाही, फक्त जे विचारायचं ते विचारलं. गौरम्मांना त्या क्षणी इतका अभिमान वाटला की त्यांनी पदर तोंडाला लावला, नाहीतर नियम मोडून त्या काहीतरी बोलून गेल्या असत्या.

एक हात वर गेला. "मला परत टाकायचंय. मला वाटलं सगळेच जाणार."

दुसरा हात शिवलीलाचा होता. वर्षाराणी दचकली. "मला पण परत टाकायचंय," शिवलीला म्हणाली. "मी नापास झाले तर मी पण नाही ना?"

"तू नापास होणार नाहीस ग," वर्षाराणी पटकन म्हणाली.

"पण झाले तर?"

रोज संध्याकाळी वर्षाराणी लेकीला एकच विचारत असे, किती पडले. त्याच्या पलीकडं काय, हे लेक आज इतक्या लोकांत विचारत होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवरा धोतरावरच्या दाण्यांकडं बघत होता.

तिसरा हात बराच वेळ वर होता. पोरं वाट बघत होती.

"मी बी... मी बी तूर टाकली व्हती," सोमू म्हणाला. "मला घस... घसरगुंडी पायजे. पन आमी सगळे."

दाणे परत वाटले. या खेपेला मोजायला वेळ लागला नाही. सत्तावीस हरभरे, पाच तुरी.

गुरुपादप्पांनी पेन परत दिलं. "घे बाबा," ते म्हणाले. "आता मी दोगांस्नी हाव म्हणायचं सोडलो."

*

सिद्धलिंग उठला, पँटीला लागलेली माती झटकली आणि चावीसाठी खिशात हात घातला. त्याला राग आला होता, पण कुणाचा ते सांगता आलं नसतं. दोन पावलं गेल्यावर त्याला मागं एकदम शांत वाटलं, म्हणून त्यानं वळून बघितलं.

सगळ्या पोरांचे हात परत मांडीवर होते.

"काका," अलीझा म्हणाली, "तुमची पाळी."

"माझं काही न्हाई," तो म्हणाला. हात हलले नाहीत. ही पोरं त्याची बोलायची वाट बघत होती. जिंकलेली पोरं. त्याला आठवेना, आयुष्यात त्याच्यावर जिंकलेल्या कुणी त्याला बस म्हटलं होतं का. तो खाली बसला, आणि जे बोलायचं असं कधीच ठरवलं नव्हतं ते बोलायला लागला.

"भूकंप झाला तवा मी वीस वर्षांचा होतो. विसर्जनाला लातूरहून गावात आलतो. दोन दिवसांनी चादरींचा ट्रक आला. माणशी एक चादर. ट्रकवरच्यानं इचारलं, घरात किती? मी पाच म्हणलो. त्यानं पाच दिल्या."

गौरम्मांचा हात पदरावर थांबला. ही गोष्ट त्यांची होती. बालवाडी बघायला कुणी आलं की ती त्या सांगत. माझ्याच पोराच्या हातातली जादा चादर मी काढून घेतली, साऱ्या गावासमोर परत केली, तिथून ही बालवाडी सुरू झाली. पाहुणे मान डोलावत, कुणी लिहून घेत. बारा वर्षं ती गोष्ट त्यांनी मिरवली होती.

"घरात चारच होतो," सिद्धलिंग म्हणाला. "अप्पा, अव्वा, आजी, मी. माझी धाकटी बहीण होती, महानंदा. नऊ वर्षांची. ती त्या भूकंपात गेली. अव्वानं पाचवी चादर माझ्या हातातून ओढून घेतली आन् परत दिली. म्हणली, गेलेल्याच्या नावानं घेऊ नये, मागं रांग हाय. बराबर होतं ते. मागं लई मोठी रांग होती."

तो थांबला. पोरं सोमूसाठी थांबत तशीच थांबली, त्यामुळं त्याला पुढं बोलता आलं.

"मी जादा मागितली न्हवती. त्यानं किती इचारलं, मला चार म्हणता आलं न्हाई. आम्ही कायम पाचच होतो. मला वाटलं अव्वा इचारल, का म्हणलास पाच. तिनं इचारलं न्हाई. गावानं मला चोर म्हणलं, ते मी इसरलो. हे न्हाई इसरलो. झालं. माझी पाळी झाली."

हरभऱ्याच्या रानात पाखरं उठली आणि परत बसली. गुरुपादप्पा दुसरीकडं बघत डोळे पुसत होते आणि धूर लई झाला म्हणून जाळाला बोल लावत होते, तो जाळ केव्हाच विझला होता.

गौरम्मा उठल्या. बालवाडीत ज्याच्या हातून चूक होई, त्यानं उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या असत. काय केलं, कुणाला केलं, आता काय करणार. तीन वर्षांची पोरंही सांगत. ती सांगत तेव्हा गौरम्मा समोर बसत. आज त्या उभ्या होत्या आणि पोरं बसली होती.

"माझ्याकडून चूक झाली," त्या म्हणाल्या. आवाज बालवाडीतल्यासारखाच होता, फक्त जरा थांबत येत होता. "मी माझ्या मुलाला, सिद्धलिंगला, का ते इचारलं न्हाई. चादर परत करायची होती, ती मी आज बी परत करीन. मागं रांग होती. पन आदी त्याला इचारायला पायजे होतं. आन् बारा वर्षं मी ते पावण्यांना सांगत बसले, आन् त्याला एकदा बी इचारलं न्हाई. आता काय करणार, ते मला सुचत न्हाई."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. बाईंना सुचत नाही हे नवीनच होतं.

"सुचलं न्हाई तर जेवल्यावर सांगायचं," अलीझा म्हणाली. "तुमीच म्हंता."

गौरम्मा हसल्या, आणि हसतानाच त्यांना रडू आलं. मग त्या आपल्या पोरासमोर जाऊन बसल्या. सिद्धलिंगला काय करावं ते कळेना, म्हणून त्यानंही हात मांडीवर ठेवले.

"तुला हो म्हणता आलं असतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सोमूला घेतो म्हणला असतास तर सही झाली असती."

"हाव. झाली असती."

"मग?"

"खोटं कसं सांगायचं? ऐकून राहिली होती ती." त्यानं पोरांकडं बघितलं. "माझ्याकडं तीनशे पोरं हायत, अव्वा. एकानं बी मला इचारलं न्हाई, नापास झालेला कुटं जातो."

"ही पोरं माझी हायत," गौरम्मा म्हणाल्या. "आन् तू बी माझाच. आज मला कुनाचा जास्त अभिमान वाटला, ते सांगता येणार न्हाई. उगं इचारू नको."

सिद्धलिंगनं विचारलं नाही. पण त्यानं घड्याळ बघायचं सोडलं, आणि चारची बॅच आज होणार नाही म्हणून फोन करायला वर्षाराणीला सांगितलं. वर्षाराणी गाडीच्या बाजूला गेली. परत आली तेव्हा शिवलीला सोमूच्या शेजारी बसून मातीत घसरगुंडी काढत होती आणि सोमू तिला पायऱ्या कुठं काढायच्या ते सांगत होता. शिवलीला वाट बघत होती. वर्षाराणीही तिथंच उभी राहून त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबली.

"घसरगुंडी एवढी अवघड न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "शाळा नसली तरी घसरगुंडी बसवता येते."

"जागा इचारावी लागल," सिद्धलिंग म्हणाला. "बत्तीसजणांना."

पोरांच्या पंगती बसल्या. पंचशीला पत्रावळींचा गठ्ठा घेऊन कोपीशी आली. आधी पोरं, मग येणारे-जाणारे, मग घरची, असा तिचा क्रम ठरलेला होता. आज मात्र गुरुपादप्पांनी घरच्यांनाही पोरांच्या शेवटी, शेवटच्या गाठीपाशी बसायला सांगितलं.

"घरची पानं किती बाई?" तिनं विचारलं आणि स्वतःच बोटांवर मोजलं. अप्पा, बाई, सिद्धलिंगदादा, वर्षावहिनी, शिवलीला. "पाच?"

पंगतीतून अलीझानं मान वर केली. "बाई, सुचलं का?"

"हाव," गौरम्मा म्हणाल्या. "सुचलं. पंचशीला, घरची सहा पानं मांड."

पंचशीलानं का ते विचारलं नाही. पाच पत्रावळी मांडून तिनं सहावी पुढं केली, ती सिद्धलिंगनं हातात घेतली, आपल्या आणि आईच्या मध्ये मांडली आणि वारं सुटलं होतं म्हणून तिच्यावर पहिला उंडा ठेवला.